सप्ताह अखंड, विणेकरी अखंड नव्हे

आजचा विषय आहे प्रपंचातले काम आणि त्या कामाखाली दबलेले मन. कोणी म्हणेल, बुवा, हा विषय डॉक्टरांचा. वारकऱ्यांच्या मासिकात याचे काय काम? तर सज्जनहो, काम आहे. हल्ली कीर्तन आटोपले, आरती झाली, बुक्का लावून मंडळी पांगली, की एखाददुसरा तरुण मागे घुटमळतो. आपण सेवाग्रामला, वर्ध्याच्या परिसरात बसलो आहोत. इथला मुलगा शिकून नागपूर-पुण्यास नोकरीस लागतो, कोणी इथेच डॉक्टरीच्या शाळेत रात्रपाळ्या करतो, कोणी बापाच्या कर्जासह कापसाची शेती उचलतो. आणि तो हळूच विचारतो, "महाराज, झोप येत नाही. कामावर जाताना छातीत धडधडते. माळ ओढतो, पण मन लागत नाही. माझी भक्ती कमी पडते का?"

या एका प्रश्नाचे उत्तर आज पाहावयाचे आहे.

पहिल्याने पूर्वपक्ष मांडू. आपल्यातलेच काही वडीलधारे म्हणतात, "अहो, ज्याच्या मुखी नाम, त्याला कसली चिंता? मन खचते ते श्रद्धा नाही म्हणून. नाम घे, सगळे ठीक होईल." बोलणारा वाईट नसतो बरे का. त्याला धीरच द्यावयाचा असतो. पण ऐकणारा घरी जातो तेव्हा त्याच्या डोक्यावर दोन ओझी असतात. एक कामाचे होतेच. आता दुसरे, आपण देवाजवळही खोटे ठरलो, हे. मग तो बोलायचाच बंद होतो. आणि असा बोलायचा बंद झालेला माणूस फार धोक्याच्या जागी उभा असतो.

आता सिद्धांत पाहा. श्रीमद्भगवद्गीता सुरू कशाने होते? ज्ञानाने नव्हे, भक्तीनेही नव्हे. ती विषादाने सुरू होते. पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग. अर्जुन काही आळशी माणूस नव्हता; आपल्या कामात त्याची बरोबरी करणारे फार थोडे. तो ऐन कामाच्या जागी, दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा आहे, आणि त्याचे काय होते? हातपाय गळतात, तोंडाला कोरड पडते, अंगाला कंप सुटतो, कातडी भाजल्यासारखी होते, धनुष्य हातातून निसटते, उभे राहवत नाही, मन गरगरते. आजच्या डॉक्टराकडे कोणी ही लक्षणे सांगितली तर तो काय म्हणेल, ते तुम्हीच ओळखा. भगवंताचा सखा, ज्याच्या रथाचे घोडे प्रत्यक्ष देव हाकतो, त्याचे मन असे कोसळते. मग तुमचेआमचे कोसळले तर त्यात लाज कसली?

यावर कोणी शास्त्र जाणणारा म्हणेल, "पण देवाने त्याला आधी झिडकारलेच ना? दुर्बळपणा टाक, ऊठ, असे सांगितले ना?" होय, सांगितले. पण पुढे काय झाले? अर्जुन उठला का? नाही उठला. उलट अधिकच रडला आणि शेवटी म्हणाला, मला कळेनासे झाले आहे, मी शिष्य होऊन शरण आलो आहे, मला सांग. तेव्हा देवाने झिडकारणे टाकले आणि जवळ बसवून समजावण्यास आरंभ केला. झिडकारून माणूस उभा राहिला असता, तर गीता दोन श्लोकांत आटोपली असती. अठरा अध्याय लागले! देवालासुद्धा एका खचलेल्या माणसाशी इतके बोलावे लागले. आणि आपण आपल्या पोराला एका वाक्यात वाटेला लावतो. यात दोन्हीकडचा धडा आहे. खचलेल्याने अर्जुनासारखे तोंड उघडून सांगावे, आणि ऐकणाऱ्याने श्रीकृष्णासारखे शेवटपर्यंत ऐकावे.

आता काम किती करावे, हे पाहू. 'काम हीच पूजा' असे आपण म्हणतो आणि त्यासाठी श्रीसावता महाराजांचा मळा दाखवतो. खरे आहे. अरणच्या त्या मळ्यात देव भेटला. पण मळ्याचे काम कसे असते, हे शेतकऱ्याला विचारा. पेरणीला पेरणीची घाई, आणि पीक उभे राहीपर्यंत वाट पाहण्याचीही सक्ती. बैलाला दुपारी सोडावेच लागते. जो बैल सोडत नाही, त्याचा बैल पुढच्या हंगामाला राहात नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात देव स्पष्ट सांगतात, की योग अति खाणाऱ्याचा नव्हे आणि उपाशी मरणाऱ्याचाही नव्हे. अति झोपणाऱ्याचा नव्हे आणि अति जागणाऱ्याचाही नव्हे. आहार, विहार, काम, झोप, जागरण हे ज्याचे मापात आहे त्याचेच दुःख योग हरतो. म्हणजे रात्री एक वाजेपर्यंत जागून उशाशी फोन घेऊन साहेबाच्या निरोपाची वाट पाहणे, याला कर्मयोग म्हणता येत नाही. भगवंताने ते आधीच बाद केले आहे.

याचे उदाहरण शोधण्यास फार लांब जावयास नको. ज्या भूमीवर आपण बसलो आहोत, तिथलेच घेऊ.

हे गाव पूर्वी शेगाव या नावाने ओळखले जाई. महात्माजी येथे १९३६ साली राहावयास आले. पुढे गजानन महाराजांच्या शेगावशी नावाचा घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जाऊ लागले, म्हणून १९४० साली 'सेवाग्राम' हे नाव पडले. आता महात्माजी येथे आले ते कोणत्या अवस्थेत, हे पुष्कळांस ठाऊक नसते. १९३५ सालच्या अखेरीस वर्ध्यास असतानाच त्यांचा रक्तदाब फार वाढला, प्रकृती कोसळली आणि डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली. बरे झाल्यावर १९३६ च्या फेब्रुवारीत त्यांनी 'हरिजन' पत्रात याविषयी उघड लिहिले. नुसत्या श्रमाने शरीर मोडले असे न म्हणता मनाच्या ताणाकडे बोट दाखवले, आणि गीतेची अनासक्ती आपल्या अंगी पुरती बाणली नव्हती, अशी कबुली दिली. एवढा मोठा पुरुष, आणि आपले मन थकले हे लपवीत नाही! पुढेही त्यांचा सोमवारचा मौनवार सुटला नाही. आठवड्यातला एक दिवस जीभ बंद. देशाचा एवढा व्याप ज्याच्या डोक्यावर, त्याला आठवड्यास एक दिवस गप्प राहणे परवडले. आपल्याला परवडत नाही, असे आपण म्हणतो.

दुसरे उदाहरण विनोबाजींचे. हे तर ज्ञानोबा-तुकोबांच्या वाङ्मयात न्हालेले पुरुष. 'गीताई' ज्यांनी दिली ते. वर्ध्याजवळ नालवाडीस ते तासन्‌तास सूत कातीत आणि त्या मजुरीवर जगण्याचा प्रयोग करीत. देह इतका झिजला, की वजन ८८ पौंडांवर आले. महात्माजींनी बोलावून घेतले आणि प्रकृतीकडे पाहण्यास निक्षून सांगितले. विनोबाजी दूरच्या थंड हवेच्या ठिकाणी गेले नाहीत. जवळच धाम नदीकाठी पवनार आहे, तिथे ७ मार्च १९३८ रोजी गेले. आणि जाताना काय केले? गाडी धाम नदीच्या पुलावर आली तेव्हा मनातल्या मनात तीन वेळा म्हणाले, की मी टाकले. आश्रम, संस्था, माणसे, उद्याची काळजी, सगळे पुलाच्या अलीकडे ठेवून ते पलीकडे गेले. मग तिथे नुसते पडून राहिले का? नाही. चालत, आणि शेतात खणीत. पण तेही कसे? पहिल्या दिवशी पाचच मिनिटे! मग रोज थोडे थोडे वाढवीत नेले, मधे विसावा घेत. दहाएक महिन्यांत ८८ पौंडांचे १२८ पौंड झाले. खणताना जमिनीतून भरत-रामभेटीचे शिल्प निघाले, तेच आज पवनारच्या मंदिरात आहे.

श्रोतेहो, या कथेत दोन गोष्टी आहेत. एक पाहून दुसरी सोडू नका. पहिली ही, की विनोबाजींनी ओझे स्वतः टाकले. दुसरी ही, की वडिलांनी त्यांना टाकावयास लावले. वडिलांनी बोलावून 'थांब' म्हटले, म्हणून थांबणे सोपे झाले. तेव्हा जे दुकानाचे मालक आहेत, कचेरीत साहेब आहेत, घरात कर्ते आहेत, फडाचे प्रमुख आहेत, त्यांनी हे स्वतःकडे घ्यावे. हाताखालचा माणूस झिजतो आहे, हे दिसत असताना त्याला अनासक्तीचा उपदेश करणे म्हणजे बैलावरचे ओझे तसेच ठेवून बैलाला वैराग्य शिकवण्यासारखे आहे. आधी ओझे उतरवा, मग गीता सांगा.

तिसरे नाव महादेवभाई देसाई यांचे. १९१७ पासून महात्माजींचे सचिव. महात्माजी येथे राहावयास आले तेव्हा महादेवभाई वर्ध्यास मगनवाडीत राहात आणि तिथून सुमारे पाच मैल चालत इथे येत, दिवसभराचे काम करीत आणि पुन्हा चालत परत जात. आपला वैशाखातला उन्हाळा तुम्हांस ठाऊकच आहे. १९३८ साली त्यांची प्रकृती ढासळली, विश्रांती घ्यावी लागली; पण कामाने त्यांना सोडले नाही आणि त्यांनी कामाला. १५ ऑगस्ट १९४२ रोजी, अटक होऊन आठवडाही झाला नव्हता, पुण्यास आगाखान महालात त्यांचे हृदय बंद पडले. वय अवघे पन्नास. त्यांच्या सेवेला आपण नमस्कारच करू. पण त्या आयुष्याकडे पाहून एवढे शिकू, की निष्ठा कितीही शुद्ध असली तरी देह आणि मन आपला हिशेब सोडत नाहीत.

आणि आता असे नाव घेतो, की जे वारकऱ्याने विसरता कामा नये. साने गुरुजी. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजींची गीता-प्रवचने ज्यांनी उतरवून घेतली, १९४७ च्या मे महिन्यात पंढरीरायाचे दार हरिजनांना उघडावे म्हणून ज्यांनी पंढरपुरात प्राण पणास लावून उपोषण केले, ते. ११ जून १९५० रोजी त्यांनी आपल्या हातांनी आपले जीवन संपवले. त्यांच्या मनात काय होते, ते सांगण्याचा अधिकार मला नाही, तुम्हांसही नाही. पण 'मन खचते ते श्रद्धा नाही म्हणून' असे म्हणणाऱ्याने त्यांच्याकडे बोट दाखवून तसे म्हणून पाहावे. जीभ रेटणार नाही! श्रद्धा होती, प्रेम होते, सेवा होती. आणि तरीही दुःख वरचढ झाले. म्हणजे हा आजार श्रद्धेच्या तराजूत तोलता येत नाही. तापाला आपण नास्तिकपणा म्हणतो का? मग याला का म्हणावे?

आपल्या जुन्या वैद्यकानेही असे कधी म्हटले नाही. चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात व्याधींची घरे दोन सांगितली आहेत, शरीर आणि मन. आणि उपचार तीन प्रकारचे: एक दैवव्यपाश्रय, म्हणजे जप, प्रार्थना, मंगलकर्मे, दुसरा युक्तिव्यपाश्रय, म्हणजे योजून दिलेला आहार आणि औषध, तिसरा सत्त्वावजय, म्हणजे अहितापासून मनाला आवरून धरणे. ऋषींनी तिन्ही एका ओळीत बसवले, एकाने दुसऱ्याला बाहेर घालवले नाही. मग आपण कोण, की नामाचे नाव सांगून औषध बंद करावयास सांगावे? माळ आणि गोळी यांचे भांडण नाही. नाम घेणाऱ्याने गोळी घ्यावी, आणि गोळी घेणाऱ्याने नाम घ्यावे. डॉक्टरांनी सुरू केलेले औषध बुवाच्या, बाबाच्या किंवा देवऋषीच्या सांगण्यावरून कधीही बंद करू नये. हे मी कीर्तनकार म्हणूनच सांगतो आहे.

आता परत आपल्या घरी येऊ, संप्रदायात. अखंड हरिनाम सप्ताह आपण सर्वांनी पाहिला आहे. सात दिवस, सात रात्री, विणा खाली टेकत नाही. नाद खंडत नाही. पण मला सांगा, सातही दिवस विणा एकाच्याच गळ्यात असते का? नाही हो! पहारे लावलेले असतात. पहारा संपला, की दुसरा येतो, पायाला हात लावतो, विणा आपल्या गळ्यात घेतो. पहिला जाऊन जेवतो, झोपतो. सप्ताह अखंड, विणेकरी अखंड नव्हे. विणेकरी बदलतो म्हणूनच सप्ताह अखंड राहतो. हे शहाणपण ज्या पूर्वजांनी देवाच्या कामात ठेवले, त्यांची आपण लेकरे. आणि नोकरीच्या कामात मात्र 'मीच उभा राहीन, विणा कोणास देणार नाही' असा हट्ट धरतो. त्या हट्टाला निष्ठा म्हणू नका. नीट पाहिले तर त्यात अहंकाराचा अंश असतो, की माझ्यावाचून अडेल.

वारीचेही तसेच. आळंदीहून पंढरपूर कितीही ओढ लावीत असले, तरी पालखी रात्रंदिवस धावत नाही. सकाळचा विसावा, दुपारचा विसावा, रात्रीचा मुक्काम. मधे रिंगण, फुगडी, भारूड, हसावयाचेही ठरलेले! आपल्या वर्धा नदीच्या काठच्या कौंडण्यपुराहून, रखुमाईच्या माहेराहून, निघणारी पालखी तर त्याहून लांब चालते; तीही मुक्काम करीत करीतच आषाढीला पोचते. चालताना एखाद्याचे पाय सुजले, तर दिंडी त्याला पापी म्हणत नाही. त्याचे ओझे वाटून घेते, पायाला तेल लावते. मनाचे पाय सुजले, तर तेवढे तरी करावे की नाही?

हा आजार थोड्यांचा नाही, हेही ध्यानात असू द्या. २०१५-१६ साली देशात राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी झाली. तीत शंभर प्रौढांत दहाहून अधिकांस त्या काळी कुठला ना कुठला मनोविकार आढळला, आणि त्यांतल्या बहुतेकांस उपचार मिळत नव्हता. कामाच्या न उतरलेल्या ताणाने येणारा थकवा जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या व्याधींच्या ग्रंथात कामाशी निगडित अवस्था म्हणून नोंदवला. आणि आपल्या विदर्भाचे दुःख तर सांगावयासच नको. २००६ साली शेतकरी आत्महत्यांसाठी केंद्राने ज्या सहा जिल्ह्यांस मदत जाहीर केली, त्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम यांच्याबरोबर आपले वर्धा होते. ज्या घरांत हे घडले, त्यांतल्या किती घरांत तुळशीवृंदावन असेल! त्यांना अभक्त म्हणावयाचे आहे का आपल्याला?

तर करावे काय? चार गोष्टी सांगतो.

एक. कामाला सीमा घालावी. घरी येताना वाटेत एक पूल ठरवावा. नदीचा नसेल तर दाराचा उंबरठा, नाहीतर तुळस. तिथे मनात म्हणावे, की आजचे टाकले. पाय धुवावे, मग आत यावे. हरिपाठ संपेपर्यंत फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. झोपेचा तास विकू नये. बढती पुन्हा मिळते, झोप उसनी मिळत नाही.

दोन. हातापायांना काम द्यावे. ज्यांचे काम खुर्चीवरचे, त्यांनी रोज चालावे; पण पहिल्याच दिवशी दोन तास नव्हे. विनोबाजींची पाच मिनिटे आठवावी. तुकोबारायांचेही पाहा. दुष्काळात दिवाळे निघाले, अन्नावाचून पत्नी गेली, मन उडाले. तेव्हा त्यांनी देहूच्या पडक्या देवळाचे काम हाती घेतले आणि कीर्तनात मागे उभे राहून ध्रुपद धरले. एकदम पुढे नाही उभे राहिले. आधी मागे, दुसऱ्याच्या आधाराने.

तीन. एकाला तरी सांगावे. बायकोला, भावाला, दिंडीतल्या मित्राला. आणि सांगणाऱ्याला मधेच तोडू नये. १९३९ साली परचुरे शास्त्री नावाचे संस्कृत पंडित कुष्ठरोगाने ग्रासलेले असे येथे आले. महात्माजींनी त्यांना गावाबाहेर नव्हे, आपल्या कुटीजवळ जागा दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांचे अंग चोळले. ती परचुरे कुटी आजही आश्रमात आहे. आजाऱ्याला कुठे ठेवावे? मागच्या खोलीत लपवून नव्हे, आपल्या जवळ.

चार. दोन आठवडे झोप, भूक, कामातले लक्ष उडालेले असेल, किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जावे, लाजू नये. येथे कस्तुरबा रुग्णालय आहे, १९६९ पासून त्याला जोडून वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि तिथे मनोविकारांचा विभागही आहे. इतरांनी आपल्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. जाणे जमत नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. दिवसा-रात्री केव्हाही लावा, फुकट आहे, मराठीतून बोलता येते. आणि 'पोलिसांचे लचांड होईल' या भीतीने कोणी गप्प बसू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने जीव द्यावयास निघालेला माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरावयाचे, त्याला शिक्षा करावयाची नाही, उलट सरकारने त्याची काळजी घ्यावयाची, असे ठरवले आहे. कायदा कनवाळू झाला; आपण त्याहून कठोर राहू नये.

तर त्या मागे घुटमळणाऱ्या तरुणाला उत्तर हे, की बाबा रे, तुझी भक्ती कमी पडलेली नाही. मन चंचल आहे, वाऱ्यासारखे धरवत नाही, हे अर्जुनानेही सांगितले, आणि देवाने ते नाकारले नाही. खरे आहे म्हणाला, आणि अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय दिले. माळ लागत नसेल तर एकच मणी ओढ. तोही जमला नाही तर विठ्ठल रागावत नाही. तो अठ्ठावीस युगे विटेवर थांबला आहे. तुझी झोप होईपर्यंत त्याला थांबता येते. तुझा पहारा संपला असेल, तर विणा दुसऱ्याच्या गळ्यात दे आणि जाऊन नीज. नाद तुटणार नाही, आम्ही आहोत.

सर्व कष्टकऱ्यांस निद्रा, अन्न, मित्र आणि नाम ही चारही लाभोत, हीच श्रीपांडुरंगाच्या चरणी प्रार्थना. राम कृष्ण हरि.